लावण्या चिट्यालचा ठसा

लावण्या चिट्याल ही लावण्या चिट्याल नाही, असं पंतुलम्मानं जाहीर केलं तेव्हा तिची आई दारातच उभी होती. परीक्षेच्या खोलीपाशी पालकांना येऊ द्यायचं नसतं, हा नियम मला पाठ आहे. पण नियम करणाऱ्यांनी पुष्पावहिनींना कधी अडवून बघितलेलं नाही. त्यांनी उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, एवढ्यावर आमची तडजोड झाली होती.

"काय म्हणायलंय ते?" त्यांनी मला विचारलं.

"ही लावण्या नव्हे म्हणतंय."

"हिला मी जन्म दिलाय! पाहिजे तर मला विचार म्हणावं."

पडद्यावर काहीच हललं नाही. तोच नेहमीचा गोड, समजूतदार आवाज पुन्हा म्हणाला, "आपण लावण्या नाही आहात. कृपया लावण्याला बोलवा." आणि खुर्चीत बसलेली लावण्या, जिची वही, चप्पल आणि डबा मी तिच्या शाळेच्या दिवसांपासून ओळखते, ती स्वतःच्या हातांकडे अशी बघत राहिली, जणू तेही कुणी बदलून आणून ठेवलेत.

पंतुलम्मा म्हणजे तेलुगूत शाळेतली बाई. सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि भाजी घेताना कानडी बोलणाऱ्या आमच्या पोरींनी त्या शिकवणाऱ्या यंत्राला हे नाव दिलं. पुण्याच्या संस्थेनं ठेवलेलं नाव चांगलं सहा अक्षरी, संस्कृत होतं. ते फक्त केंद्राच्या पाटीवर राहिलं.

केंद्र म्हणजे बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याच्या वरची खोली. खाली पूर्वी माग खडखडायचे. आता तुटलेला धागा स्वतः जोडणारे माग आलेत, ते गावाबाहेर वातानुकूलित शेडमध्ये असतात आणि त्यांना माणसं फारशी आवडत नाहीत. केंद्र मी सांभाळते. त्याआधी माझी मोबाईल दुरुस्तीची टपरी होती. बिघडलेले फोन उघडून उघडून जे समजलं, तेवढीच माझी पदवी.

ऑनलाइन शिक्षण आमच्या भागात नवीन नव्हतं. पूर्वीही आलं होतं. एक टाय लावलेला गृहस्थ पडद्यावर यायचा आणि बोलत सुटायचा. तिसऱ्या धड्याला पोरं गळायची. ती ढ होती म्हणून नव्हे. समोरच्याच्या कपाळावर आठी पडली की वर्गातल्या बाईंना दिसते, त्या पुन्हा सांगतात. टायवाल्याला आठी दिसत नव्हती, एवढंच.

पंतुलम्माला ती दिसायची, आणि तीही चेहरा न बघता. चेहरा आणि आवाज साठवायचा नाही, असा कायदा तोवर झाला होता. तिचं सगळं लक्ष अडखळण्यावर. प्रश्न वाचून झाल्यावर उत्तर द्यायला किती वेळ गेला, बोट कुठल्या पर्यायावर जाऊन मागे फिरलं, कुठली ओळ दोनदा वाचली, बोलताना कुठे थांबली. चूक केली की माणूस विसरून जातो, पण थबकतो तिथे त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत नसतं. अशा हजारो थबकण्यांतून पंतुलम्मा प्रत्येकाच्या समजुतीचा एक नकाशा तयार करायची. त्याला ठसा म्हणतात. तुम्ही उद्या कुठे अडणार हे ठशाला आज ठाऊक असतं, आणि पुढचा धडा बरोब्बर त्या जागेच्या एक पाऊल अलीकडून सुरू होतो.

परीक्षेत ओळखही त्यावरूनच पटवतात. दुसऱ्याची सही गिरवता येते. दुसऱ्याचं अडखळणं गिरवता येत नाही.

आणि लावण्याचा ठसा साधासुधा नव्हता. संस्थेची महाराष्ट्रभर केंद्रं होती, त्यांत तिच्यासारखी विद्यार्थिनी नाही, असं पुण्याहून संस्थेचे देवस्थळी सर दर आठवड्याला कळवायचे. शिकवायची होती यंत्रांची राखण. शहरातल्या पाण्याच्या पंपांपासून दवाखान्यातल्या लशींच्या फ्रीजपर्यंत सगळी यंत्रं आपापल्या तब्येतीची खबर सतत पाठवत असतात. त्यातली खरी बोंब कुठली आणि नुसती कुरकुर कुठली हे ओळखायचं, आणि दुरुस्तीचा छोटा प्रोग्राम लिहून जागच्या जागी धाडायचा. प्रत्येक केंद्रातून एकाला कायमची नोकरी. लावण्याची पक्कीच होती. परीक्षा आपली कागदोपत्री.

त्या नोकरीवर आणखी एक गोष्ट टांगलेली होती. लावण्याच्या मामानं भिवंडीचं स्थळ आणलं होतं. मुलगा बरा, घर बरं, आणि घाई फार. पुष्पावहिनींनी भावाला सांगून ठेवलं होतं, "नोकरी लागली तर पोरीच्या मनानं. नाही लागली तर तुझ्या."

आता देवस्थळी सर पडद्यावर आले. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "लावण्या, खरं सांग. आजवर धडे कोण करत होतं?"

"आम्हीच की सर."

"आम्ही म्हणजे?"

"मी, निहारिका आणि हर्षिता."

इतक्या सरळपणे कुणी गुन्हा कबूल करत नाही. सरांना ते कळेना. "मग तू आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं सर? कार्ड एकीच्याच नावावर असतंय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. बिडीच्या धंद्यात ब्रँचचं, म्हणजे कंपनी जिथून माल देते-घेते तिथलं, कार्ड एका बाईच्या नावावर असतं. पानं, तंबाखू, दोरा तिच्या नावानं मिळतो, माल तिच्या नावानं जमा होतो. पण ओट्यावर बसतात शेजारणी, जावा, लेकी, ज्यांचे हात मोकळे असतील त्या सगळ्या. एक पानं कातरते, एक वळते, एक दोरा बांधते. ब्रँचमधला माणूस बिडी तपासतो, वाईट निघाली तर बाजूला टाकतो. ती कुणी वळली हे विचारत नाही. आयांच्या मांडीवरच्या सुपात डोकावत मोठ्या झालेल्या पोरी या. लॉगिन आलं, ते वयाची अट पुरी करणाऱ्या लावण्याच्या नावावर. बाकी दोघी तेव्हा काही महिन्यांनी लहान होत्या. पोरींनी टॅबलेट ओट्यावर घागरीला टेकवून ठेवला आणि कामाला बसल्या. जिचे हात तंबाखूचे नसतील तिनं पडद्याला बोट लावायचं.

"म्हणजे तिघींनी मिळून एक विद्यार्थिनी..." सर पुटपुटले. ते रागावणार असं मला वाटलं होतं. पण बघण्यासारखा झाला होता त्यांचा चेहरा. "दोन माणसं एका लॉगिनवर आली तरी ठसा फाटतो. दोन वेगळ्या चाली, जुळतच नाहीत. तिघी, आणि पंतुलम्माला वर्षभर पत्ता नाही?"

"लहानपणापासून एका ठेक्यात काम करतात सर," मी म्हटलं. "एकीचा हात थांबला की दुसरीचा चालू होतो."

कौतुक झालं, पण नियम राहिलाच. सरांनी वाट काढली: जुना ठसा पुसायचा. लावण्यानं केंद्रात एकटीनं बसून पहिल्यापासून शिकायचं. नोकरीची जागा तोवर तिच्यासाठी राखून ठेवायची. बाकी दोघींनी पुढच्या वर्षी अर्ज करावा.

पुष्पावहिनी उंबरा ओलांडून आत आल्या आणि पडद्याला दोन्ही हात जोडून मोकळ्या झाल्या.

ओट्यावर हे कळलं तेव्हा हर्षिता बोल्ली म्हणाली, "घे की गं. एकीचं तरी होऊ दे." हर्षिता म्हणजे आमच्या गल्लीतली सर्वांत सावकाश मुलगी. दूध उतू जाताना बघितलं तरी आधी पातेलं कुणाचं हे विचारील.

निहारिका गड्डमची कात्री एकदम जोरात चालायला लागली. निहारिका चिडलीय, हे कळायला ठसा लागत नाही. हातातलं पान तिनं उगीच बारीक बारीक कातरलं. मग म्हणाली, "कोडिंगचं सगळं मी केलंय. सगळं. तू वाचून दाखवत होतीस नुसतं."

"नुसतं?"

"मग काय! पंतुलम्माला विचार ना. तिला तू माहीतच नाहीस."

लावण्या उठून माझ्याकडे आली. केंद्रात तेव्हा कुणी नव्हतं. पडद्यावर प्रश्न थांबलेला होता: जुना ठसा कायमचा पुसायचा का? हो, नाही.

"अक्का, पुसल्यावर परत येत नाही ना?"

"नाही."

"ती खरंच बोलायलीय अक्का. मी वाचायची, आणि मग कुणीतरी करायचं. मला कुठलं येतं, मलाच माहीत नाही." ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. "पुसलं आणि एकटी बसले आणि माझ्याकडं काहीच निघालं नाही तर?"

मी सरांना फोन लावून दिला. दुसरा काही मार्ग आहे का, हे तिनं स्वतःच विचारलं. सरांनी जुना ठसा उघडून बघितला, मग सांगितलं.

"एक आहे. ठसा उसवता येईल. तिघींनी वेगवेगळं बसून तेच धडे पुन्हा करायचे. कोण कुठे थबकतं हे बघून पंतुलम्मा धागे वेगळे करील. जिचं जे आहे ते तिला मिळेल, तीन ठसे होतील. पण मग विद्यार्थिनीही तीन होतील आणि जागा एकच आहे. परीक्षेत जी वर येईल, तिची. पुसलंस तर जागा तुझी आहे, लावण्या. उसवलंस तर तुझी असेलच असं नाही. यात तुझं किती निघेल, मलाही सांगता येणार नाही."

"उसवा," ती म्हणाली.

तिनं मैत्रिणींसाठी त्याग केला, असं नंतर गल्लीत पुष्कळांनी रंगवून सांगितलं. मला तसं वाटत नाही. आपल्या नावावर जे जमा झालंय त्यात आपलं किती, हे तिला बघायचं होतं. एवढं धाडस माझ्या माहितीतल्या भल्याभल्यांना जमलेलं नाही.

घरी जे झालं ते सांगत नाही. भिंती पातळ आहेत, गल्लीला सगळं ऐकू आलंच. "हातातली जागा!" एवढं एकच वाक्य पुष्पावहिनींनी किती सुरांत म्हणावं! मधे खोकला यायचा, तेवढीच काय ती विश्रांती.

उसवायला चांगला महिना गेला. केंद्राच्या तीन कोपऱ्यांत तीन पोरी, मधे मी. पहिले काही दिवस बघवत नव्हतं. निहारिका उत्तर ठोकून वळून बघायची, कुणीतरी "थांब की" म्हणेल म्हणून. हर्षिता प्रश्नासमोर बसून राहायची, कुणीतरी पहिलं पाऊल टाकील म्हणून. लावण्या प्रश्न वाचून लगेच पुढच्यावर जायची, हा कुणीतरी घेईल म्हणून. दुसऱ्याच्या हाताची इतकी सवय, की आपला हात अर्धाच आहे हे त्यांना तेव्हा कळत होतं. आणि पंतुलम्मा! तिचं मला खरंच कौतुक वाटलं. वर्षभर जिला एक समजून जीव लावला तिच्या तीन जणी निघाल्या, तरी आवाजात जराही फरक नाही. प्रत्येकीपाशी तितक्याच शांतपणे, "घाई नाही. पुन्हा बघू या."

शेवटी देवस्थळी सर स्वतः सोलापूरला आले. त्यांनी तीन ठसे तीन पडद्यांवर मांडले. रंगीत नकाशे होते ते. जिथे समज पक्की तिथे रंग गडद, जिथे अडखळ तिथे बारीक पांढरे ठिपके.

निहारिकाचा नकाशा उड्यांचा होता. गडद, मग एकदम मोकळं, मग पुन्हा गडद. मधल्या पायऱ्या तिला लागतच नव्हत्या. तिनं मान उडवली.

हर्षिताचा बघून सर खुर्चीत पुढे सरकले. ठिपकेच ठिपके, सगळीकडे सारखे, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती गडद रंग. ती प्रत्येक ठिकाणी अडली होती आणि प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडली होती. "खरी बोंब आणि खोटी बोंब ओळखायला हेच लागतं," सर म्हणाले. हर्षितानं तोंडावर हात धरला आणि हसायला लागली, थांबेचना.

लावण्याचा नकाशा फिका होता. खूप फिका. आणि त्यावर एकही ठिपका नव्हता.

"हे मी पहिल्यांदा बघतोय," सर हळू आवाजात म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, ते लपत नव्हतं. "तू अडलीच नाहीस कधी. अडण्याच्या आधीच प्रश्न कुणाकडे द्यायचा हे तुला कळायचं. कठीण उडी आली की निहारिका, तपासायचं आलं की हर्षिता. दोघींना समजेल असं करून सांगायचीस. म्हणून तर तिघींचा एक ठसा झाला. तूच जोडत होतीस. पण..."

"पण त्याची परीक्षा नसते," लावण्या म्हणाली.

"या नोकरीची नाही. आणि तुझ्यापाशी काही राहिलं नाही. जे अडतं, तेच ज्याचं त्याच्यापाशी राहतं."

परीक्षा झाली. हर्षिता पहिली आली. निहारिका थोडक्यात दुसरी, आणि ते थोडकं तिनं आम्हा सर्वांना आठवडाभर सोसायला लावलं. मग हर्षिताच्या पहिल्या दिवशी तिची वेणी घालायला स्वतःच गेली. "नीट बस की बे. तिथं पंपाला दिसू दे, कुणाच्या गल्लीतली आलीय." लावण्या तिसरी आली. दुसरी आणि तिसरीच्या मधे अंतर किती होतं, ते सरांनी वाचून दाखवलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

जागा गेली. पण उसवल्याचा एक फायदा होता, आणि तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता. ठसा ज्याच्या नावाचा, त्याचं शिक्षण केंद्राला बंद करता येत नाही, असा संस्थेचा नियम आहे. लावण्याला आता स्वतःचा ठसा होता. फिका का असेना.

चार-सहा दिवस ती केंद्राकडे फिरकली नाही. मग एका दुपारी मी तंबाखूच्या वासाचा तो टॅबलेट पुसून, चार्ज करून तिच्या घरी घेऊन गेले. पुष्पावहिनी ओट्यावर सूप घेऊन एकट्याच वळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आत आहे. भिवंडीवाले परवा यायलेत. मामाचा फोन येईल आता, सगळं पक्कं करायचंय."

मी आत जाऊन टॅबलेट लावण्यासमोर ठेवला आणि बाहेर येऊन वहिनींसमोर बसले. हातांना काम म्हणून पानं कातरायला घेतली. माझं कातरणं बघून त्यांनी कात्री काढून घेतली, एवढं मात्र झालं.

आतून पंतुलम्माचा आवाज आला. "लावण्या, आज आपण पंपाचा दाब बघू या. दाब कमी झाला, पण पाण्याच्या मीटरवरचा आकडा वाढला. का?"

पूर्वी या जागी निहारिका बोलली असती. लावण्यानं काहीतरी उत्तर दिलं.

"बरोबर नाही. पण जवळ आहे. पुढे जाऊ या?"

वहिनींचा हात वळता वळता मंद झाला. वर्षभर या ओट्यावर पंतुलम्मा बोलत होती आणि पोरी उत्तरं देत होत्या. त्या गोंगाटात आपल्या पोरीचा आवाज वेगळा ऐकायची वेळ त्यांच्यावर आली नसावी.

"नाही," आतून लावण्या म्हणाली. "पुढं नको. मला नाही कळलं."

"कुठे अडलं?"

"आकडा वाढतो तिथं. पाणी कमी आणि आकडा जास्त, हे माझ्या डोक्यात बसत नाही. परत सांग."

पंतुलम्मानं परत सांगितलं. लावण्या म्हणाली, "नाही. अजून नाही." पंतुलम्मानं तिसऱ्यांदा, नळीत हवा शिरल्यावर काय होतं तिथून सुरुवात केली. पडदा आमच्या बाजूनं तिरका दिसत होता. फिक्या नकाशावर अगदी मधोमध एक पांढरा ठिपका उमटला होता. पहिलाच.

वहिनींना त्या ठिपक्याचं काही कळत नाही. त्यांनी तो बघितलाही नसेल. त्या ऐकत होत्या. सूप मांडीवर, बिडी अर्धी वळलेली.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनींनी पदराला हात पुसले आणि उचलला. मामाचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता: परवा किती माणसं येणार, जेवायला थांबणार का, मुलीला कुठली साडी.

"परवा नको," वहिनी म्हणाल्या.

पलीकडून मोठ्यानं काहीतरी. वहिनींनी फोन कानापासून जरा लांब धरला आणि आत एकदा डोकावून बघितलं. लावण्या पडद्यावर वाकली होती, बोटानं हवेतच नळी काढत होती.

"नोकरी नाही लागली रे. माहीत आहे मला काय बोलले होते ते. पण आत्ता नको, रोज फोन करू नको. पोरीचं अडलंय. ते आधी सुटू दे."